फेट्यातला फ्यूज

माझ्या सासऱ्यांइतका भित्रा शूर माणूस उभ्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. हे वाक्य त्यांच्या हयातीत मी लिहिले असते तर त्यातल्या 'शूर' या शब्दाला त्यांनी हरकत घेतली असती. 'भित्रा' त्यांनी खुशाल राहू दिला असता. पहिल्या महायुद्धात ते तिकडे इराकात, बसऱ्याच्या बाजूला, लढत होते. डाव्या खांद्यात गोळी शिरून बाहेर पडल्याची खूण होती, ट्रंकेत मेडलं होती, आणि पलटणीतून सुभेदार होऊन ते पेन्शनीवर आले होते. आष्ट्याजवळच्या गावी भावांचा ऊस होता, पण मुलीच्या शाळेसाठी त्यांनी सांगलीत घर बांधले आणि तिथेच राहिले. असा हा गोळी खाल्लेला माणूस स्वतःच्या घरातल्या खुर्चीवर बसण्याआधी ती दोन्ही हातांनी हलवून बघायचा. पाहुण्याला झोपायला बाज द्यायची तर आधी स्वतः तिच्यावर आडवे व्हायचे, दोन्ही कुशींवर वळायचे, मग उठून पाहुण्याला 'आता पडा' म्हणायचे. आडावरच्या बादलीला त्यांनी दोन दोर बांधले होते. एक तुटला तर दुसरा असावा म्हणून. या दुसऱ्याला ते 'रिझर्व' म्हणत. सासूबाईंचे म्हणणे असे, की लग्न होऊन इतकी वर्षे झाली पण दोर काही एकदाही तुटला नाही, एकमेकांत गुंतला मात्र रोज.

त्या घरात एक वाक्य उच्चारायला बंदी होती. ते वाक्य म्हणजे 'काही होत नाही'. कोणी ओल्या फरशीवरून पळाले, कोणी निखाऱ्यावर वाकून उदबत्ती पेटवली आणि वर म्हणाले की काही होत नाही, तर सासरे हातातले काम टाकून त्याला समोर उभे करायचे. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा मी जिन्यावरून उतरताना कठड्याला हात न लावता उतरलो आणि ते अनवधानाने बोलून गेलो. जावयाला रागवायची रीत नाही, म्हणून त्यांनी मला शेजारी बसवून घेतले आणि शांतपणे सांगितले, "पावनं, लढाईत मेल्याली मानसं मी लय बघितल्यात. निम्मी गोळीनं मेली. ऱ्हायल्याली 'काय हुत न्हाई' म्हनून मेली." मी सातारच्या शाळेतला मास्तर. दिवसभर पोरांना दटावण्याची सवय असलेला माणूस. पण त्या दिवसापासून जिन्याचा कठडा मी अजूनही सोडलेला नाही.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडे आधी त्यांच्या घरी वीज आली. ती सासूबाईंच्या हौसेने आली. शेजाऱ्यांच्या गणपतीपुढे विजेचा दिवा लागला आणि आपल्या गणपतीपुढे समईच, हे त्यांना दोन वर्षे सलत होते. सासऱ्यांनी अखेर परवानगी दिली, पण पकडून आणलेल्या शत्रूला छावणीत ठेवावे तशी ती वीज त्यांनी घरात ठेवली. बटण दाबायचे ते कोरड्या हाताने, पायात काहीतरी घालून. पोरीबाळींनी भिंतीवरच्या लाकडी पट्टीला, जिच्यातून तारा गेल्या होत्या तिला, टेकून बसायचे नाही. बसऱ्याचा वीर विजेला एवढा का घाबरतो, असे मी एकदा विचारले. त्यांना त्या प्रश्नात अपमान वाटला नाही. म्हणाले, "गोळी येताना आवाज करती. ही मुकी हाय. हिचं त्वांड बी दिसत न्हाई, आन् पायरव बी न्हाई. मग भ्यायचं कुनाला?"

सासूबाईंचे विजेशी नाते याच्या अगदी उलटे होते. त्यांच्या मते दिवा तो दिवा, मग तो तेलाचा असो नाहीतर तारेचा. सणावारी तिन्हीसांजेला दिवा लावताना त्याला हळदकुंकू वाहायचे, फूल वाहायचे, मग तो लावून सगळ्यांनी हात जोडायचे, ही त्यांच्या माहेरची रीत. बल्ब आढ्याला टांगलेला, तिथपर्यंत हात पोचणार कसा? म्हणून त्यांनी कुंकवाची जागा बदलली. सोप्यात दाराशेजारी अख्ख्या घराची वीज तोडायच्या मेन स्विचची लोखंडी पेटी होती, तिला कुंकू लावायचे ठरले. सणाच्या दिवशी सांज व्हायच्या आधी सासरे मेनचा दांडा खाली करून ठेवायचे, सासूबाई ताट घेऊन यायच्या, पेटीला कुंकू लावून फूल वाहायच्या आणि दांडा वर करायच्या. अख्खे घर एकदम उजळायचे. त्या पेटीवर सणासणांचे कुंकू असे साचले होते, की वीज कंपनीच्या माणसाने एकदा ते गंज समजून खरवडायला घेतले होते आणि सासूबाईंनी त्याला चहा दिला नव्हता.

हा कंपनीचा माणूस म्हणजे एक वायरमन. त्याची आणि सासऱ्यांची एकदाच गाठ पडली आणि ती शेवटची ठरली. सोप्यातला दिवा लुकलुकत होता म्हणून त्याला बोलावले, तर हा गडी मेन बंद न करताच शिडीवर चढला, दातांत पकड धरून. सासरे खालून म्हणाले की आधी उतरा. त्याने पकड हातात घेतली, हसला आणि बंदी असलेले नेमके तेच वाक्य बोलला. मी रोजच्याला चालू लाइनीवर काम करतोय, म्हणाला, काय हुत न्हाई. सासऱ्यांनी शिडी घट्ट धरून ठेवली आणि म्हणाले, "आमच्या पलटनीत बी एकजन हुता तुज्यावानीच. लय हुशार हुता." वायरमनने वरूनच विचारले, मग? सासरे म्हणाले, "हुता म्हनलं न्हवं." वायरमनने पकड खिशात घातली आणि खाली उतरला. तेव्हापासून विजेची किरकोळ कामे आपण स्वतः करायची, पण आपल्या पद्धतीने करायची, असा सासऱ्यांनी निश्चय केला. विजेला न भिणारा माणूस त्यांना विजेच्या कामाला नको होता, आणि भिणारा त्यांच्याखेरीज दुसरा त्यांना माहीत नव्हता.

माझा दिवाळसण आला तो असा. दिवाळसणाला जावयाने काय मिळेल याची वाट पाहायची असते. मला मात्र आधी निरोप आला की येताना साताऱ्याहून दिव्याचे एक बटण घेऊन या. माजघरातल्या दिव्याचे बटण मोडले होते आणि लढाईमुळे सांगलीच्या बाजारात बटण म्हणून मिळत नव्हते. साताऱ्यात तरी कुठे मिळत होते? पण सासुरवाडीची पहिलीच आज्ञा, म्हणून मी ओळखीपाळखी काढून एका दुकानदाराच्या मागच्या खोलीतून काळे गोल बटण पैदा केले. कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत ते पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो. कराडला चढलेल्या एका म्हातारीने आत मूल आहे की देव, असे विचारले. सांगलीला पोचल्यावर सासऱ्यांनी माझ्या प्रकृतीआधी बटणाची चौकशी केली. डिसमिसने स्क्रू काढून ते उघडले, आतले पितळ तपासले, आणि मग सारी दुपार ते हातात घेऊन टकटक करत बसले. बसवायच्या आधीच झिजून जाईल, असे सासूबाई म्हणाल्या. त्यावर, झिजायचे तर माझ्या हातात झिजू दे, असे उत्तर आले.

बटण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी बसवायचे ठरले. लक्ष्मी माजघरातच मांडायची होती आणि तिथे दिवा हवाच, असा सासूबाईंचा हट्ट होता. काम उजेडी करायचे हा सासऱ्यांचा नियमच होता, कारण मेन बंद केल्यावर घरात दिवा कुठला? पण तयारीलाच दुपार झाली. पायात पलटणीतले रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट. त्याखाली कोरडा शिसवी पाट, तोही मला ओवाळायला काढलेला. डावा हात पाठीमागे कमरेवर, कारण दोन्ही हात तारेला लागले तर वीज छातीतून जाते, एकाच हाताने काम केले तर तिला वाट सापडत नाही. बायकोला, म्हणजे त्यांच्या लेकीला, सोप्यात मेनपाशी पहाऱ्यावर उभे केले. आणि माझ्या हातात मुसळ दिले.

मुसळ कशासाठी, हे मला कळेना. सासऱ्यांनी समजावून सांगितले, की मी जर तारेला चिकटलो तर मला हाताने ओढायचे नाही, नाहीतर तुम्हीही चिकटाल. कोरड्या लाकडाने हाणून मला बाजूला पाडायचे. कुठे हाणायचे हेही दंडावर बोट ठेवून दाखवले आणि एकदा तालीम करायला लावली. माझा हात चालेना. नव्या कोऱ्या जरीकाठी धोतरात, दिवाळसणाला आलेला जावई, मुसळ उगारून सासऱ्यापुढे उभा आहे, हे दृश्य सासूबाईंनी स्वयंपाकघरातून पाहिले आणि कपाळाला हात लावला. त्यांना दुसरेही दुःख होते. मुसळाच्या टोकाचे लोखंडी कडे सासऱ्यांनी सकाळीच ठोकून काढले होते, कारण लोखंडातून वीज येते. आता कांडू कशानं, असे त्या दिवसभर विचारत होत्या.

मग खरा विधी सुरू झाला. एका होल्डरला दोन तारा जोडून सासऱ्यांनी तपासणीचा बल्ब केला होता. तो आधी चालू विजेवर लावून पेटतो याची खात्री केली. मग मेन बंद केला. मेन बंद करून माणूस थांबला असता, पण ते थांबले नाहीत. त्यांनी शेजारची पेटी उघडून आतला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसून काढला, त्याला फुंकर घातली, डोक्यावरच्या फेट्याचे एक टोक सोडून आतल्या घडीत तो खोचला आणि टोक पुन्हा गुंडाळले. मला हे जरा अतीच वाटले. पहाऱ्यावर तुमची लेक उभी आहे, दांडा खाली आहे, मग ही चीज डोक्यावर कशाला, असे मी विचारले. ते म्हणाले, पहारेकरी माणूस असतो, दांडा कुणीही वर करतो. फ्यूज माझ्या डोक्यावर आहे तोवर वीज माझ्या परवानगीशिवाय घरात येत नाही. नंतर तपासणीचा बल्ब माजघरातल्या तारांना लावला. पेटला नाही. तरीही पुन्हा लावला. एव्हाना उन्हे उतरली होती आणि माझ्या एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात कंदील आला होता.

मोडके बटण निघाले. दोन्ही तारांची उघडी तांब्याची टोके सासरे उजव्या हाताच्या चिमटीत धरून सरळ करत होते, नव्या बटणाचा स्क्रू पिळायचा तेवढा राहिला होता. बाहेर सोप्यात काय चालले होते ते आम्हाला नंतर कळले. सांज झाली होती, शेजारच्या घरांतून पणत्या लागल्या होत्या. सासूबाई ताट घेऊन मेनपाशी आल्या. दांडा खाली होताच. दर सणाला तो खालीच असायचा, नवरा आधी येऊन तो खाली करून ठेवायचा. आतली ठोकाठोकही थांबलेली. तेव्हा बटण बसले आणि नेहमीप्रमाणे पूजेची तयारी करून ठेवली आहे, असे त्यांना वाटले. लेक उभी दिसली तर तिला म्हणाल्या की तू जा, कढईतले कानवले जळतील. पहारेकरी गेला. सासूबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले, नमस्कार केला आणि दांडा वर केला.

तो 'खट्' आवाज मला आत ऐकू आला. अजूनही कधीकधी ऐकू येतो. सासऱ्यांच्या चिमटीत दोन्ही तारा होत्या. फेट्यातला फ्यूजबिज मी सगळे विसरलो, आणि दिवसभर ज्या हाताला तालीम जमली नव्हती त्या हाताने मुसळ आढ्यापर्यंत उचलले. सासऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"पावनं, हानू नगा," ते म्हणाले. "मी जित्ता हाय."

तेवढ्यात सासूबाई तक्रार घेऊन दारात आल्या, की कुंकू लावले, फूल वाहिले, दांडा दोनदा वरखाली केला तरी दिवा लागत नाही. त्यांना आधी उगारलेले मुसळ दिसले. मग पाटावर उभा असलेला नवरा दिसला, आणि मग त्याच्या चिमटीतल्या तारा. ताट कलंडले, हळदीचा लोट जमिनीवर पसरला. त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या. सांडलेली हळद हाताने गोळा करत त्या एवढेच म्हणत राहिल्या, "माज्या हातानं... सनासुदीचं, माज्या हातानं..."

मला वाटले, आता सुभेदारांचा पारा चढणार. एवढ्या तयारीवर पाणी पडले होते, पहारा फुटला होता. पण ते पाटावरून सावकाश उतरले, सासूबाईंसमोर जमिनीवर बसले, फेटा काढला आणि त्याच्या घडीतून तो पांढरा फ्यूज काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"रडू नगंस," ते म्हणाले. "सांजंला दिवा लावायचा ह्ये तुजं काम. त्ये तू केलंस. तुज्या हातनं इपरीत घडू न्हाई ह्ये बगायचं माजं काम हुतं. त्ये मी केलं. कुनाचं काय चुकलं?"

सासूबाईंनी फ्यूजकडे पाहिले आणि मग नवऱ्याच्या उघड्या डोक्याकडे. मी त्यांना उघड्या डोक्याने बसलेले पहिल्यांदाच पाहत होतो. केस पार पिकले होते. आजपासून ही चीज फेट्यात ठेवायची नाही, सासऱ्यांनी सांगितले, तुझ्या पदराला बांधायची. आणि मी 'काम फत्ते' म्हणेपर्यंत मलाही द्यायची नाही. सासूबाईंनी डोळे पुसले, पदराच्या टोकाला फ्यूज घालून गाठ मारली आणि कंदील माझ्या हातातून स्वतःकडे घेतला. बटण बसले, झाकण पिळले. सासरे पाटावर ताठ उभे राहिले, टाच टाचेला लावली आणि म्हणाले, "काम फत्ते." गाठ सुटली, फ्यूज पेटीत गेला, पुन्हा हळदकुंकू झाले, दांडा वर गेला, आणि माजघरात असा लख्ख उजेड पडला की लक्ष्मीच्या तसबिरीची काचसुद्धा पुसायची राहिली होती हे दिसले. सगळ्यांनी हात जोडले. विजेला कधी हात न जोडणाऱ्या सासऱ्यांनीही त्या दिवशी जोडले. मात्र त्यांचे तोंड दिव्याकडे नव्हते, सासूबाईंकडे होते, असे माझ्या बायकोचे म्हणणे आहे. मुसळ खाली ठेवायचे माझ्या लक्षातच राहिले नव्हते, त्यामुळे मी नीट पाहू शकलो नाही. त्या रात्रीचे कानवले करपलेले होते आणि सगळ्यांनी ते मागून मागून खाल्ले.

पुढे ती त्या घराची रीतच झाली. बटण असो, होल्डर असो, सासरे फ्यूज उपसायचे आणि सासूबाई पदर पुढे करायच्या. एकदा तर काम निम्म्यात असताना शेजारणीने हळदीकुंकवाला हाक मारली आणि त्या पदराला फ्यूज बांधून तशाच गेल्या. तिथून देवळात गेल्या, देवळातून कोणाचे बाळ बघायला. इकडे अख्खे घर अंधारात. मी योगायोगाने त्याच दिवशी गेलो होतो. म्हटले, मामा, कोणाला तरी धाडून फ्यूज मागवू या. ते अंधारात बाजेवर ताठ बसलेले होते, आणि आवाजावरून तर फार खुशीत वाटत होते. म्हणाले, "नगं. तिला पहाऱ्यावर मीच ठेवलंय." मग त्या परत आल्या. गाठ सोडताना दोघेही हसत होते.

स्वातंत्र्य आले, झेंडा लागला, आणि त्यानंतरच्या थंडीत सासरे गेले. ज्या बाजेवर प्रत्येक पाहुण्याच्या आधी ते स्वतः पडून बघायचे, तिच्यावरच झोपेत गेले. कुठलीही खबरदारी घ्यायला त्यांना सवड मिळाली नाही. त्यांच्याशिवायची पहिली दिवाळी आली तेव्हा आम्ही सांगलीला गेलो. माजघरातले ते साताऱ्याचे बटण आता घट्ट बसत नव्हते. मी नवीन नेले होते. सासूबाईंनी न सांगता शिसवी पाट आणून ठेवला. बिनकड्याचे मुसळ घेऊन बायको उभी राहिली. मी मेन बंद केला आणि फ्यूज उपसून सासूबाईंपुढे धरला. त्यांनी पदर पुढे केला, गाठ मारली आणि उंबऱ्यावर बसल्या. डावा हात पाठीमागे ठेवून मी बटण बसवले. माझ्या हाताला सराव नव्हता, वेळ लागला, पण बसवले.

"मामी, झालं," मी म्हटले. "फ्यूज द्या."

त्या हलल्या नाहीत. ऐकू गेले नसेल म्हणून मी पुन्हा सांगितले. त्या माझ्याकडे बघत होत्या, गाठ मुठीत घट्ट धरून. मग बायकोने मला डोळ्यांनी खुणावले आणि माझ्या लक्षात आले. मी पाटावर ताठ उभा राहिलो. टाचेला टाच लावली. मास्तराला ते काही सुभेदारासारखे जमत नाही, पण जमेल तसे केले आणि म्हणालो, "काम फत्ते."

सासूबाईंनी मान हलवली आणि गाठ सोडायला घेतली. त्यांनीच बांधलेली गाठ, पण सुटायला त्या दिवशी फार वेळ लागला, आणि मी पाटावर, बायको मुसळ धरून, असे आम्ही दोघेही ती सुटेपर्यंत थांबलो.